समोर न बसणारा प्रतिस्पर्धी

दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याच्या तटाआड गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत इंदरपत नावाचे एक खेडे नांदत होते. पांडवांचे इंद्रप्रस्थ ते हेच, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. तेथून ईशान्येस, मेरठ जिल्ह्यात, हस्तिनापूर आहे. राष्ट्रीय राजधानीचा परिसर म्हणून जो विस्तीर्ण प्रदेश आज शासनदरबारी ओळखला जातो, त्यात ही दोन्ही स्थळे मोडतात. भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध असा खेळ या दोन नगरांच्या नात्यातून उद्भवला. इंद्रप्रस्थाचा राजा हस्तिनापुरास खेळावयास गेला आणि इंद्रप्रस्थ हरवून बसला.

या द्यूताची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या आरंभीच्या एका लहानशा प्रसंगाकडे सहसा लक्ष जात नाही. दुर्योधनाने सांगितले की, पणाला लावावयाचे धन आपण देऊ, फासे मात्र आपल्या वतीने शकुनिमामा टाकील. त्यावर युधिष्ठिराने हरकत घेतली. एकासाठी दुसऱ्याने खेळावे, हे त्यास विषम वाटले. हरकत घेतली गेली, आणि तरीही खेळ चालू झाला. सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होता. विदुराने धोक्याचा इशारा दिला, पुढे द्रौपदीच्या प्रश्नानंतर विकर्ण बोलला. बाकीचे बहुतेक सारे पाहत राहिले. खेळासंबंधीचे दोन जुने प्रश्न या प्रसंगात एकत्र आलेले दिसतात. पटावर जो हात चालतो तो खरोखर कोणाचा, हा पहिला. आणि खेळ पाहण्यास जमलेल्या सभेचे कर्तव्य कोणते, हा दुसरा.

जोवर दोन खेळाडू समोरासमोर बसत, तोवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनाच मिळत असे. महाराष्ट्रातील वाड्यांच्या ओट्यांवर आणि देवळांच्या सभामंडपांत बुद्धिबळाचे पट मांडले जात, तेव्हा भोवती बघ्यांचे कोंडाळे असावयाचे. बघ्याने चाल सुचवू नये, हा तेथील अलिखित नियम. आणि तो मोडणाऱ्याला उठवून लावण्यास ते कोंडाळेच पुरेसे असे. याच वातावरणातून पुढे सांगलीसारखी बुद्धिबळाची केंद्रे वाढली. १९५५ साली एलुरू येथे भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विजेतेपद विभागून मिळाले. म्हणजे राष्ट्रीय पातळीवरील पहिला मान या देशात एकट्याचा नव्हता, दोघांचा होता. ही गोष्ट पुढील वृत्तान्तासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु प्रतिस्पर्धी समोर नसतानाही खेळता येते, हा शोध फार जुना आहे. १८२४ साली लंडन आणि एडिंबरो या दोन नगरांच्या मंडळांनी टपालाने बुद्धिबळाचा सामना आरंभिला. तो १८२८ पर्यंत चालला. पाच डावांपैकी दोन एडिंबरोने जिंकले, एक लंडनने, आणि दोन बरोबरीत सुटले. त्यातील एका डावात पाठविलेली चाल मागे घेऊ द्यावी, अशी लंडनकरांनी विनंती केली. एडिंबरोने ती मान्य केली नाही. पटावर मोहऱ्यास हात लागला की ते हलवावेच लागते, हा नियम सर्वमान्य होता. पण पत्र पेटीत पडले म्हणजे हात लागला असे समजावयाचे की नाही? अंतर मध्ये आले आणि जुन्या नियमाचा अर्थ नव्याने लावावा लागला. त्यानंतर जे जे नवे साधन आले, त्याने हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे ठेवलेला आहे.

तारायंत्र आले आणि समुद्राखालील तारांवरून चाली जाऊ लागल्या. नंतर रेडिओ आला. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ च्या सप्टेंबर महिन्याच्या १ ते ४ या तारखांना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात दहा पटांवर रेडिओद्वारे सामना झाला. प्रत्येक पटावर दोन डाव खेळले गेले. रशियाने १५½ विरुद्ध ४½ अशा गुणांनी अमेरिकेचा पराभव केला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६५ साली, हवाना येथील कापाब्लांका स्मृतिस्पर्धेस जाण्यास बॉबी फिशर यांना त्यांच्या सरकारने परवानगी दिली नाही. तेव्हा ते न्यूयॉर्कमधील मार्शल मंडळात बसून दूरमुद्रकावरून चाली पाठवीत राहिले. आकाशातून येणारा आवाज ऐकून आनंद घेण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. बोलणारा दिसत नाही, तरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. दूरच्या खेळाचेही तसेच आहे. मात्र त्या काळी दोन्ही टोकांस पंच बसविता येत, आणि ज्याची मदत घेतली असता महान खेळाडूलाही हरविता येईल असे यंत्र कोणाच्याही घरात नव्हते.

ही दोन्ही परिस्थिती बदललेली असताना २०२० साल उजाडले. मार्चअखेर साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. विश्वनाथन आनंद जर्मनीत अडकले होते. मे महिन्यात झालेल्या राष्ट्रांच्या ऑनलाइन स्पर्धेत ते भारताच्या वतीने तेथूनच खेळले आणि महिन्याच्या अखेरीस स्वदेशी परतले. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्या दिवसांत एका हास्यकलाकाराच्या प्रक्षेपणांत सहभागी होत असत. बुद्धिबळाचे नाव काढताच जांभई देणारी तरुण मंडळी रात्री उशिरापर्यंत ती पाहू लागली. प्यादे कसे चालते हेही ज्यांना धड ठाऊक नव्हते, असे प्रेक्षक वजिराच्या बलिदानावर वाद घालू लागले. ओट्यावरचे ते जुने कोंडाळे पुन्हा जमले. मात्र आता त्यातील कोणी कोणास ओळखत नव्हता, आणि चाल सुचविण्यास सर्वांनाच मोकळीक होती.

त्या वर्षीचे बुद्धिबळ ऑलिंपियाड मॉस्को येथे व्हावयाचे होते. ते पुढे ढकलावे लागले, आणि त्याच्या जागी जागतिक बुद्धिबळ महासंघाने जुलै व ऑगस्ट महिन्यांत पहिले ऑनलाइन ऑलिंपियाड भरविले. १६३ देशांचे संघ त्यात उतरले. नेहमीच्या ऑलिंपियाडात पुरुष आणि स्त्रिया निरनिराळ्या विभागांत खेळतात; येथे मात्र सहा पटांचा एकच संघ होता. दोन पुरुष, दोन स्त्रिया, वीस वर्षांखालील एक मुलगा आणि एक मुलगी. प्रत्येकाला डावासाठी पंधरा मिनिटे, आणि प्रत्येक चालीमागे पाच सेकंदांची भर. खेळाडू आपापल्या गावी बसलेले, आणि त्यांच्यावर कॅमेऱ्याची नजर.

भारतीय संघाचे कर्णधारपद विदित गुजराथींकडे होते. संघात आनंद, हरिकृष्ण, कोनेरू हम्पी, हरिका यांच्यासारखे मुरलेले खेळाडू होते. गोव्याच्या भक्ती कुलकर्णी होत्या. आणि मुलांमध्ये निहाल सरीन, प्रज्ञानंद, नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख आणि दिल्लीच्या शेजारची, नोएडाची, वंतिका अग्रवाल ही मंडळी होती. गटातील अखेरच्या सामन्यात भारताने बलाढ्य चीनवर ४–२ अशी मात केली. त्यातील दोन निर्णायक विजय प्रज्ञानंद आणि दिव्या या मुलांनी मिळविले होते.

२८ ऑगस्ट रोजी उपान्त्यपूर्व सामना आर्मेनियाशी होता. पहिल्या फेरीत निहाल सरीनविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियन खेळाडूचा आंतरजालाशी संबंध तुटला, घड्याळ चालू राहिले आणि वेळ संपून तो हरला. ती फेरी भारताने ३½–२½ अशी जिंकली. आर्मेनियाने दाद मागितली. जोडणी शाबूत राखणे ही ज्याची त्याची जबाबदारी, असा स्पर्धेचा नियम होता. तदनुसार त्यांचे म्हणणे फेटाळले गेले. आर्मेनियाचा संघ दुसऱ्या फेरीस उतरलाच नाही, आणि भारत पुढे गेला. भारतीय खेळाडूंचा यात काडीचाही दोष नव्हता. पण विजयाची गोडी थोडी उणावली होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पोलंडशी गाठ पडली. पहिली फेरी भारताने २–४ अशी गमावली, दुसरी ४½–१½ अशी जिंकली. निर्णय एका शीघ्र डावावर येऊन ठेपला. हम्पीने तो मोनिका सोत्स्को यांच्याविरुद्ध जिंकला आणि भारत अंतिम सामन्यात दाखल झाला. ज्यांनी तो डाव त्या वेळी पाहिला, ते आजही त्याविषयी बोलताना जणू एकाच खोलीत बसून तो पाहिल्यासारखे बोलतात. वस्तुतः प्रत्येक जण आपल्या घरात, एकटा होता.

३० ऑगस्टचा अंतिम सामना रशियाशी झाला. पहिल्या फेरीतील साही डाव बरोबरीत सुटले, ३–३. दुसरी फेरी रंगात आली असताना आंतरजालाच्या एका मोठ्या जागतिक यंत्रणेत बिघाड झाला आणि अनेक देशांना त्याचा फटका बसला. निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली. पटावर मोहरी होती, बुद्धी शाबूत होती, परंतु हात पटापर्यंत पोहोचू शकत नव्हता. आणि घड्याळ चालू होते. दोघांनाही वेळेवर पराभूत ठरविण्यात आले. फेरी रशियाने जिंकली असे प्रथम जाहीर झाले.

आता दाद मागण्याची पाळी भारताची होती. तक्रार समितीने पुरावे तपासले. तिचे एकमत होईना. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष आर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय घेतला. ऑलिंपियाड या नावाच्या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्ण. देशभर आनंद झाला, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि बुद्धिबळाच्या जगात वादही माजला.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. नियमाचा आग्रह धरणारा म्हणेल की, दोन दिवसांपूर्वी आर्मेनियाला जो नियम लावला, तोच भारतालाही लावावयास हवा होता. एका संघाला अक्षराने मोजावयाचे आणि दुसऱ्याला भावाने, हा न्याय नव्हे. उलट पक्षी असे म्हणता येईल की, एका घरातील जोडणी तुटणे वेगळे आणि अनेक देशांना व्यापणारा बिघाड वेगळा. एका शेतकऱ्याचा बांध फुटणे आणि नदीला महापूर येणे, या गोष्टींना महसुलाच्या नियमांतही एक समजत नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु या वादात एक गोष्ट दृष्टीआड होते. आर्मेनियाच्या खेळाडूवर जो प्रसंग गुदरला, तोच अठ्ठेचाळीस तासांच्या आत निहाल सरीनवर गुदरला. पहिल्या वेळी घड्याळ त्याच्या बाजूने चालले होते, दुसऱ्या वेळी त्याच्या विरुद्ध. दूर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याची हतबलता काय असते, हे त्या सोळा वर्षांच्या मुलाने दोन्ही बाजूंनी अनुभविले. म्हणून ज्यांना ते सुवर्ण आठवते, त्यांनी आर्मेनियाचा मोकळा राहिलेला पटही आठवावा. एकाची स्मृती ठेवून दुसऱ्याची पुसणे, हे प्रेक्षकाला सोपे असले तरी शोभणारे नाही.

त्या सामन्यात सचोटीविषयी कोणाला शंका नव्हती. दोष तारेचा होता. परंतु वर्षभराच्या आत दुसरा प्रसंग घडला, आणि त्यात युधिष्ठिराची ती जुनी हरकत अक्षरशः जिवंत झाली. १३ जून २०२१ रोजी साथग्रस्तांच्या साहाय्यार्थ एक ऑनलाइन प्रदर्शनीय कार्यक्रम झाला. आनंद हे निरनिराळ्या क्षेत्रांतील नामवंतांशी एकाच वेळी खेळले. त्यांपैकी एका तरुण उद्योजकाने त्यांना हरविले. बघ्यांनी डाव पुन्हा मांडून तपासला. नवशिक्याच्या हातून इतक्या अचूक चाली होणे संभवनीय नाही, असे त्यांना आढळून आले. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी डावाचा विचार करणाऱ्या जाणकारांची व संगणकाची मदत घेतल्याचे कबूल केले आणि क्षमा मागितली. आनंद यांची प्रतिक्रिया संयमाची होती. समोर जी स्थिती होती तीप्रमाणे आपण खेळलो, आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढेच त्यांनी सुचविले.

येथे पणाला राज्य नव्हते, बक्षीसही नव्हते. जमणारा पैसा गरजूंकडे जाणार होता. मग बिघडले कोठे? बिघडले ते असे की, समोरच्याला आपण कोणाशी खेळत आहो हे ठाऊक असण्याचा त्याचा हक्क डावलला गेला. संगणक आज जगज्जेत्यालाही सहज हरवू शकतो, आणि तो प्रत्येकाच्या खिशात असतो. शकुनीला निदान सभेत बसावे लागले होते, सर्वांना तो दिसत होता. आजचा शकुनी दिसतही नाही. मात्र या वेळी सभा गप्प बसली नाही, हा फरक लहान नव्हे. प्रश्न बघ्यांनी विचारला आणि कबुलीही दुसऱ्याच दिवशी आली. अर्थात त्याच बघ्यांतील काहींची जीभ नंतर सैल सुटली, आणि दोषापेक्षा निंदाच अधिक झाली, हेही खरे. आवाज उठविणे आणि हुर्यो उडविणे यांतील सीमा या नव्या सभेला अजून नीटशी सापडलेली नाही.

शासनाचे लक्षही या क्षेत्राकडे वळले आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-क्रीडेला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला व २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यास अनुमती मिळाली. पैसा लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, या कायद्याने निषिद्ध ठरविले, आणि ई-क्रीडेला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. ज्या भूमीत द्यूतात राज्य गेल्याची कथा सांगितली जाते, त्याच भूमीतील संसदेने हा निर्णय घ्यावा, हा योगायोग लक्षात येतो. तथापि कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पण काय लावावा आणि काय लावू नये, हे कायदा सांगू शकतो. बंद खोलीत बसलेल्या खेळाडूने आपली चाल आपणच शोधली की नाही, हे पाहणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम खेळाडूच्या मनाचे आणि खेळाडूंच्या समाजाचे आहे.

१९ जून २०२२ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात ऑलिंपियाडच्या पहिल्यावहिल्या मशाल-दौडीचा आरंभ झाला. द्वोर्कोविच यांनी मशाल पंतप्रधानांच्या हाती दिली आणि पंतप्रधानांनी ती आनंद यांच्याकडे सुपूर्द केली. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी दूरवरून विभागून सुवर्ण दिले, आणि ज्यांच्या संघाने ते स्वीकारले, ते आता एकाच व्यासपीठावर उभे होते. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडात भारताच्या पुरुष आणि स्त्री अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. पुरुषांच्या संघात विदित गुजराथी होते. स्त्रियांच्या संघात दिल्लीच्या तानिया सचदेव होत्या, आणि दिव्या देशमुख व वंतिका अग्रवाल या दोघींनी आपापल्या पटांवर वैयक्तिक सुवर्णही मिळविले. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे दिव्याने स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर होत्या तिच्याच जुन्या संघातील कोनेरू हम्पी. २०२० च्या सुवर्णाला दैवाचे दान म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे उत्तर पटावरून मिळाले, आणि ते वादविवादाने मिळालेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा चांगले होते.

तरीही २०२० चा तो रविवार विसरला जाणार नाही, आणि विसरला जाऊही नये. एलुरूच्या पहिल्या विजेतेपदाप्रमाणे तेही सुवर्ण दोघांचे होते. आणि विभागून घेतलेल्या मानात जो एक प्रकारचा संकोच असतो, तो खेळाला हितकारकच असतो. आज दिल्लीच्या मेट्रोत, नोएडाच्या इमारतींत आणि नागपूरच्या घरांत मुले मान खाली घालून, न दिसणाऱ्या कोणाशी तरी खेळत असतात. दुसऱ्या टोकाला बसलेला कोण आहे, त्यांना माहीत नसते. त्याचे नावही बहुधा खरे नसते. त्याची जोडणी तुटली तर घड्याळाकडे पाहून हसावयाचे की थांबावयाचे, हातातील यंत्राला चाल विचारावयाची की स्वतःच्या बुद्धीला, हे ठरविताना त्यांच्याजवळ पंच नसतो. हस्तिनापुरात ती हरकत ऐकून घेऊन खेळ तसाच पुढे चालविला गेला होता. ती मनावर घेण्याची संधी आता प्रत्येक घरातील त्या एकट्या मुलाला रोज मिळते आहे.